दारुमाचा दुसरा डोळा

होणाऱ्या जावयाने तव्यावरच्या ओकोनोमियाकीचे त्रिकोणी काप केले आणि कुनिओ नाकानिशीचा चेहरा पडला.

ओकोनोमियाकी म्हणजे कोबी आणि अंडी घालून भाजलेलं जाडजूड धिरडं. ओसाकात ते उभंआडवं चौकोनी कापतात आणि उलथन्यानेच उचलून तोंडात टाकतात. त्याचे त्रिकोण करून वर बशी मागणारा माणूस फक्त एकाच शहरात पैदा होतो.

"तोक्यो का?" कुनिओने विचारलं.

"हो," काझुमा हिराकी म्हणाला. खरं बोलण्याची त्याला वाईट खोड होती.

चिनात्सुने काउंटरखालून त्याच्या नडगीवर लाथ हाणली, पण बाण सुटला होता. वडिलांना तिने इतकंच सांगितलं होतं की मुलगा पूर्वेकडचा आहे. काझुमालाही सकाळपासून पढवलं होतं. पेलिकन्सचं कौतुक करायचं, तोक्योचं नाव काढायचं नाही, फळीवरच्या दारुमाकडे बोट दाखवायचं नाही. धिरडं कसं कापायचं हे तेवढं सांगायचं राहिलं. ते कुणाला शिकवावं लागत असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बरं, दिवस तरी साधा असावा! त्याच संध्याकाळी नानिवा पेलिकन्स आणि तोक्यो फाल्कन्स यांच्यात बेसबॉलच्या अजिंक्यपदाचा शेवटचा सामना होता. पेलिकन्स म्हणजे ओसाकाच्या त्या बाजारगल्लीचा जीव की प्राण, आणि गेली अडतीस वर्षं त्या पेलिकन्सचे हाल कुत्रा खात नव्हता. हातात आलेले सामने ते घालवत. एकदा तर विजयाचा सोपा झेल घ्यायला दोघे धावले, एकमेकांवर आपटले, आणि चेंडू दोघांच्या मधोमध शांतपणे येऊन पडला. असं का होतं हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगे. दारुमाचा शाप.

दारुमा म्हणजे कागदाच्या लगद्याचा लाल, गोलमटोल, हातपाय नसलेला बाहुला. विकत घेताना त्याचे दोन्ही डोळे कोरे असतात. मागणं मागायचं आणि एक डोळा रंगवायचा. मागणं पुरं झालं की दुसरा. मग आभार मानून त्याला देवळात न्यायचं, अग्नीला द्यायचं आणि नवा आणायचा. कुनिओच्या दुकानातला दारुमा कलिंगडाएवढा होता. अडतीस वर्षांपूर्वी पेलिकन्स जिंकले तेव्हा कुनिओचे वडील दुसरा डोळा रंगवायला ब्रश घेऊन उठले, पण आनंदाच्या भरात ब्रशासकट कालव्यात उडी मारून बसले. डोळा कोराच राहिला, दारुमाचा अपमान झाला आणि तो रुसला, आता संघ पुन्हा जिंकल्याशिवाय तो डोळा रंगवायची सोय नाही, अशी ती कथा. धिरडं भाजून होईपर्यंत कुनिओ ती गिऱ्हाइकांना ऐकवी, आणि लोक हात जोडून ऐकत.

आता त्याच कुनिओने उलथनं खाली ठेवलं. "बेसबॉल बघतोस ना तरी?"

"फारसं नाही."

हे तर तोक्योचं असण्यापेक्षाही वाईट निघालं. कुनिओने एक दीर्घ श्वास घेतला. "मॅच झाल्यावर बोलू. पेलिकन्स जिंकले तर तुझं काय ते ऐकून घेईन. हरले तर तोक्योची शेवटची गाडी सापडेल तुला."

म्हणजे दोन जिवांचं लग्न अडतीस वर्षं तोंडघशी पडत आलेल्या एका संघाच्या गळ्यात बांधून कुनिओ खांद्यावर पंचा टाकून कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघराकडे निघाला. मोठ्या सामन्याआधी अंघोळ केल्याशिवाय तो टीव्हीसमोर बसत नसे. गर्दी होणार म्हणून त्याची बायको सेत्सुको लेकीला घेऊन कोबी आणायला गेली. दुकानात तवा, दारुमा आणि काझुमा एवढेच उरले.

काझुमाने विचार केला, नुसतं बसून काय करायचं? एक धिरडं घालावं, चौकोनी कापावं आणि सासऱ्यापुढे ठेवावं. हेतू चांगला होता. जगातले बहुतेक घोटाळे चांगल्या हेतूनेच सुरू होतात. धिरडं छान जमलं, उलटलंही झकास. राहिला फक्त वरचा सॉस.

सॉसची बाटली ही त्या दुकानातली पुराणवस्तू होती. तिचं तोंड सारखं चोंदे. नवी आणा म्हणून सेत्सुको वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होती. दाबली की येतो ना सॉस, मग झालं तर, असं कुनिओचं उत्तर ठरलेलं. पुडक्याची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवणारा माणूस तो. धडधाकट बाटली टाकून देईल कशाला?

काझुमाने बाटली दाबली. काही आलं नाही. जोरात दाबली, तरी नाही. मग त्याने ती दोन्ही हातांत धरून सगळी ताकद लावली, आणि आतला सॉस धिरड्यावरून, तव्यावरून, थेट समोरच्या फळीवर गेला. तिथे तो दारुमाच्या कोऱ्या डोळ्यात अगदी मधोमध बसला. गोल, काळाभोर, तकतकीत. कसलेल्या चित्रकाराने रंगवावा तसा दुसरा डोळा उघडला होता, आणि सामना सुरू व्हायला अजून दीड तास होता.

मागणं पुरं व्हायच्या आधी डोळा रंगवायचा नसतो, हे बेसबॉल न बघणाऱ्यालाही कळतं. काझुमाच्या पाचावर धारण बसली. त्याने फडकं ओलं करून डोळा पुसला. वरचा सॉस निघाला, पण डोळ्यावरचा पांढरा रंग जुना, भेगाळलेला होता. भेगांमध्ये सॉस शिरला आणि दारुमाला मोतीबिंदू झाल्यासारखं दिसायला लागलं. साबण लावून घासणीने घासलं तर आजूबाजूचा लाल रंग ओघळला. आता दारुमा रडून रडून डोळे आल्यासारखा झाला. तेवढ्यात कोबीची पिशवी घेऊन चिनात्सु पुढे आली.

तिने आधी दारुमाकडे पाहिलं, मग काझुमाकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"बोट दाखवू नकोस म्हणून. बोट नाही दाखवलं."

ओरडायला वेळ नव्हता. आई मागच्या दाराशी भाजीवाल्याशी बोलत होती, बाबा केव्हाही टपकणार होते. चिनात्सुने काझुमाला समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात पिटाळलं, पांढरा रंग आणायला. दुकान मोरिवाकींचं होतं आणि मोरिवाकी गल्लीच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष होते, म्हणजे चौकशी करणं हे त्यांचं कर्तव्यच होतं. पांढराच का, आजच का, कुणासाठी, असं त्यांनी विचारलं. काझुमाला घाम फुटला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून धडधडीत खोटं निघालं. पडदा रंगवायचाय, तो म्हणाला. दारुमापुढे लावायला.

मोरिवाकींचे डोळे लकाकले. शापाच्या त्या दारुमामुळे सामन्याच्या वेळी दुकानात टीव्हीचे लोक येणार होतेच. सामना जिंकला की पडदा दूर सारायचा आणि कुनिओने सगळ्या देशासमोर डोळा रंगवायचा! असली कल्पना मंडळाच्या एकाही बैठकीत कुणाला सुचली नव्हती. त्यांनी दुकानातलं लाल कापड कात्रीने टराटरा फाडलं, काझुमाच्या पाठीवर थाप मारली, आणि ते शिडी शोधेपर्यंत काझुमाने धावत येऊन डोळा पांढरा करून टाकला. मग ते स्वतः पडदा लावायला आले. कुनिओ अंघोळ करून परतला तेव्हा दारुमा पडद्याआड गेला होता आणि मोरिवाकी त्याला सांगत होते की जावई तोक्योचा असला तरी हुशार आहे. जावई हा शब्द ऐकून कुनिओने नाक मुरडलं, पण कॅमेरा आपल्यावर लागणार हे कळल्यावर तो केस विंचरायला आत गेला.

इथपर्यंत सगळं मनासारखं झालं. पण तो रंग पोस्टरचा होता आणि फळीच्या बरोबर खाली तवा होता. सामना सुरू झाला, दुकान खचाखच भरलं, तव्यावर एका वेळी आठ-आठ धिरडी चढली, आणि त्यांची सगळी वाफ पडद्याआड दारुमाच्या डोळ्यात जायला लागली.

पेलिकन्सने पहिल्याच डावात दोन धावा काढल्या. दुकान दणाणलं. कुनिओ टीव्हीपुढच्या आपल्या स्टुलावर बसून होता, दारुमाकडे पाठ करून. सामना चालू असताना दारुमाकडे बघायचं नाही, हा त्याचा नेम होता, आणि त्या नेमाने त्या दिवशी काझुमाला तारलं. काझुमा तवा आणि भिंत यांच्यामधल्या बोळात, पडद्यामागे अंग चोरून उभा होता, हातात ब्रश घेऊन. तोक्योवाला कुठे गेला, असं कुनिओने एकदाच विचारलं. धूर नाकात गेला म्हणून मागे बसलाय, असं चिनात्सु म्हणाली. बरंय, असं म्हणून कुनिओ पुन्हा टीव्हीकडे वळला.

पाचव्या डावात रंगाचा पहिला ओघळ आला आणि खालचा तपकिरी डाग डोकावला. त्याच क्षणी फाल्कन्सच्या फलंदाजाने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. काझुमाने घाईघाईने डाग झाकला, तसा पेलिकन्सचा गोलंदाज सावरला. काझुमाने मनाशी म्हटलं, योगायोग. सातव्या डावात पुन्हा डाग दिसला आणि फाल्कन्सच्या आणखी दोन धावा झाल्या. आता त्याने योगायोग म्हणायचं सोडून दिलं. एरवी बेसबॉल न बघणारा तो माणूस पडद्याच्या फटीतून एक डोळा टीव्हीवर आणि दुसरा दारुमाच्या डोळ्यावर ठेवून, जीव मुठीत धरून रंग थोपत राहिला. तीन विरुद्ध दोन. फाल्कन्स पुढे.

नववा डाव आला. पेलिकन्सची शेवटची फलंदाजी. दुकानात कुणी घास गिळत नव्हतं. तीनपैकी दोन गडी बाद झाले, एक खेळाडू कसाबसा पहिल्या तळावर पोचला, आणि संघातला सगळ्यात म्हातारा खेळाडू कुरामोतो बॅट घेऊन पुढे आला. नेमका तेव्हाच रंगाचा डबा रिकामा झाला. दारुमाच्या डोळ्यावरून शेवटचा पांढरा ओघळ हळूहळू खाली सरकायला लागला.

पडदा हलला आणि सेत्सुको आत आली.

काझुमा जागच्या जागी थिजला. सेत्सुकोने दारुमाकडे पाहिलं, रिकाम्या डब्याकडे पाहिलं. मग तिने एप्रनच्या खिशातून पांढऱ्या नेलपॉलिशची बाटली काढली.

"पोस्टर कलर नाही टिकत इथे," ती हळूच म्हणाली. "सरक. आणि फुंकर घाल, लवकर वाळतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्न होऊन आले त्या वर्षीच माझ्या हातून सॉस उडाला होता. तेव्हापासून दर नववर्षाला एक हात फिरवते. यांना सांगायची सोय आहे का?"

ती बोलत होती आणि हात चालत होता. तीन फटकाऱ्यांत डोळा पुन्हा पांढराशुभ्र झाला. काझुमाने गाल फुगवून फुंकर घातली, आणि टीव्हीवर कुरामोतोने बॅट फिरवली.

चेंडू कुठवर गेला ते दुकानात कुणालाच दिसलं नाही, कारण तो हवेत असतानाच सगळे उभे राहिले होते. दिसलं फक्त एवढंच की फाल्कन्सचा खेळाडू कुंपणाला टेकून वर बघतोय आणि हातमोजा खाली घेतोय. मग दोन धावा लागल्या, पेलिकन्स जिंकले, आणि जो गलका झाला त्याने काउंटरवरचे पेले हलले. म्हातारे म्हातारे लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मोरिवाकी स्टुलावर चढले, स्टूल मोडलं, तरी हसत राहिले. कुनिओ मात्र बसूनच होता, पंचा तोंडावर धरून. अडतीस वर्षं त्या माणसाने दर मोठ्या सामन्याआधी अंघोळ केली होती.

"पडदा!" मोरिवाकी ओरडले. "कॅमेरा इकडे!"

पडदा सरकला. काझुमा वेळीच खाली बसला होता. काउंटरवर शाई ठेवली गेली, कुनिओने ब्रश बुडवला, दुकानात आणि गल्लीत लोकांनी माना उंच केल्या. त्याने दारुमाच्या डोळ्यावर काळा ठिपका ठेवला.

ठिपका घसरला. नेलपॉलिशवर शाई धरते थोडीच? ती अळवावरच्या पाण्यासारखी गोळा झाली आणि गालावरून ओघळली. कुनिओने पुन्हा ब्रश टेकवला, पुन्हा तेच. लोकांत कुजबुज सुरू झाली. दारुमा अजून रुसलाय, कुणीतरी म्हणालं. चिनात्सुने डोळे मिटून घेतले. कुनिओने दात ओठ खात ब्रश जोरात दाबला, आणि दुपारी घासून खिळखिळा झालेला सगळा पांढरा थर एका तुकड्यात सुटला. दारुमाच्या डोळ्यातून पांढरी चकती निघाली आणि टपकन तव्यावर पडली.

खाली डोळा होता. काळा, गोल, जुन्या वळणाचा, नीट रंगवलेला.

"उघडला," मोरिवाकी हात जोडून म्हणाले. "आपणहून डोळा उघडला."

गल्लीत जयजयकार झाला. लोकांनी दारुमापुढे लोटांगण घालायचं तेवढं बाकी ठेवलं. मोरिवाकींनी कॅमेऱ्यापुढे, डोळे पुसत, तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की हा दारुमा आता देवळात जाळायचा नाही. मंडळातर्फे त्याला काचेची पेटी करायची आणि कायमचा इथेच ठेवायचा. मग सगळी गर्दी नाचत कालव्याच्या पुलाकडे निघाली, मोरिवाकी सगळ्यांत पुढे.

दुकानात घरचीच माणसं उरली. कुनिओने उलथन्याने तव्यावरची चकती उचलली. तिच्या कडेला कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. त्याने ते बराच वेळ न्याहाळले. मग बायकोच्या खिशातून डोकावणारी बाटली पाहिली, काझुमाच्या पांढऱ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. काझुमाने मान खाली घातली. तोक्योची शेवटची गाडी त्याला डोळ्यांपुढे दिसत होती.

"सगळ्यात खालचा थर माझा आहे," कुनिओ म्हणाला.



"मधले माझे, आणि अगदी वरचाही," सेत्सुको म्हणाली.

"वरून दुसरा माझा," काझुमा म्हणाला.

"म्हणजे या घरात मी एकटीच शहाणी निघाले," चिनात्सु म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

मग कुनिओने सगळं सांगून टाकलं. त्या वर्षी वडिलांनी दुसरा डोळा नीट रंगवला होता. कालव्यात उडी मारली ती त्यानंतर. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला म्हणून त्यांनी कुनिओला दारुमा देवळात देऊन नवा आणायला पाठवलं. कुनिओ तेव्हा पंचविशीतला होता आणि काटकसर त्याच्या अंगात तेव्हाही मुरलेली होती. एवढा धडधाकट दारुमा जाळायचा? त्याने डोळ्यावर पांढरा रंग फासला आणि तोच नवा म्हणून फळीवर ठेवला. पुढच्या वर्षापासून पेलिकन्स हरायला लागले. लोक विचारायला लागले तेव्हा त्याने डोळा राहून गेल्याची गोष्ट रचली. त्या रात्री शुद्धीत कोण होतं खोटं ठरवायला?

"अडतीस वर्षं हरवलं मी त्यांना," तो म्हणाला. "एका दारुमाचे पैसे वाचवायला गेलो. आता तरी याला देवळात पोचवायला हवा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आणि तो मोरिवाकी पेटी करतोय काचेची."

खरं सांगावं तर बाजारगल्ली कुनिओला दारुमाबरोबरच अग्नीला देईल, आणि न सांगावं तर शाप तसाच. शेवटी काझुमाने घसा खाकरला. तेवढाच मोठा दुसरा दारुमा आणू, तो म्हणाला. दोन्ही डोळे रंगवून पेटीत ठेवू. हा देवळात जाऊ दे. आणि मागणं मागायला तिसरा, कोरा.

कुनिओने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच दारातून आत आलाय. "जन्माला चुकून तोक्योत आलास तू," तो म्हणाला. "बस. धिरडं खा. चिनात्सु, चौकोनी कसं कापतात ते दाखव त्याला."

लग्नाची बोलणी म्हणतात ती एवढीच झाली.

सकाळी गल्ली अजून घोरत होती तेव्हा सासरा आणि जावई देवळात जाऊन आले. जुना दारुमा अग्नीत गेला. कुनिओने त्याची मनापासून क्षमा मागितली आणि दोन नवे दारुमा घेतले, घासाघीस न करता. एक कोरा फळीवर बसला. दुसऱ्याचे डोळे त्याने वडिलांच्या वळणाने रंगवले आणि काउंटरवर ठेवून चौघांनी मागे सरून पाहिलं.

तो टवटवीत लाल होता. गुळगुळीत आणि चकाचक. अडतीस वर्षांचा धूर, तेल, वाफ यांचा मागमूस नव्हता. बाहेर मोरिवाकींचा आवाज ऐकू आला. ते सुताराला काचेच्या पेटीची मापं सांगत याच बाजूला येत होते.

"हा जुना कसा दिसणार?" सेत्सुको कुजबुजली.

कुनिओने काउंटरखाली हात घातला आणि सॉसची जुनी बाटली काढून काझुमाच्या पुढ्यात ठेवली.

"दोन्ही हातांनी धर," तो म्हणाला. "तोंड चोंदतं तिचं."